पितृपक्षातला समुद्र

आमच्या घरमालकांना समुद्राचं वेड होतं आणि ते वेड ते पितृपक्षात पुरवून घ्यायचे. गणपती गेलेत, मुंबईकर परतलेत, दिवाळीच्या सुट्टीला अजून अवकाश आहे, आणि पितर जेवायला येणार म्हणून सांगली-साताऱ्यात कोणी नवी चप्पलसुद्धा विकत घेत नाही, असे ते दिवस. कोकणातले लॉजवाले दारात खुर्ची टाकून जांभया देत असतात. आमचे हे घरमालक आण्णा, ते जैन. पितृपक्ष त्यांच्यात नाही, आणि त्यांचं दशलक्षण पर्व नुकतंच आटपलेलं असायचं. गिरणीच्या शटरला कुलूप लावून ते म्हणायचे, "चला, कोकण मोकळं झालं."

असा हा माणूस. आणि एका वर्षी त्यांच्या बायकोनं त्यांचा समुद्रच बंद करायचं मनावर घेतलं. तीच हकिगत सांगायला बसलोय. पण आधी आण्णा नीट कळले पाहिजेत, नाहीतर तुम्ही म्हणाल, तीन-चार दिवसांच्या सहलीवरनं एवढा गहजब कशाला.

मी मूळचा मेढ्याचा. नोकरी सांगलीत विश्रामबागेत लागली आणि खोली शोधत शोधत आण्णांच्या पिठाच्या गिरणीवर येऊन धडकलो. खाली गिरणी, मागच्या बाजूला आण्णा आणि त्यांच्या बायको आक्का, वर एक रिकामी खोली. खोली दाखवायच्या आधी आण्णांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, दळण कुठं टाकता? मी म्हटलं, दळण कसलं, हॉटेलात जेवतो. त्यांच्या चेहऱ्यावर अशी कीव आली की पुढचं काही न विचारता त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी आक्कांनी दोन भाकऱ्या आणि घेवड्याची भाजी वर पाठवली, आणि मी त्या घरचा होऊन गेलो.

आण्णांच्या लेखी माणसाची पारख पिठावर. डब्यातलं पीठ चिमटीत घेऊन बोटांवर चोळायचे आणि त्या घराचा स्वभाव सांगायचे. हे घर आळशी, ज्वारी न निवडता टाकतात. त्या घरी सासू-सुनेचं बोलणं बंद आहे, कारण एकाच घरनं दोन डबे आलेत, एक जाड दळायला आणि एक बारीक. मी म्हणायचो, आण्णा, उगाच कुणाच्या घरात डोकावू नका. ते म्हणायचे, मी कुठं डोकावतोय, डबाच सांगतोय. आणि लेकाचं बहुतेक वेळा खरं निघायचं.

पण त्या गिरणीनं त्यांच्याकडनं एक गोष्ट घेतली होती. दिवसभर घरघर ऐकून ऐकून पट्टा थांबला तरी त्यांच्या कानात गिरणी चालूच राहायची. अंथरुणाला पाठ टेकली की आवाज वाढायचा. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, हे आता असंच राहणार, सवय करून घ्या. समुद्रावर मात्र तो आवाज जायचा. "लाटांचा आवाज लय मोठा हाय गड्या," ते मला म्हणायचे, "आपली गिरणी त्यात बुडती. आन् त्याला दळण घालाय लागत न्हाई." वर्षभरात त्यांना गाढ झोप लागायची ती तिथंच. त्या झोपेसाठी ते समुद्रावर जायचे. वाळू, शंख-शिंपले, मासे, हे सगळं आमच्यासारख्यांचं.

आमच्यासारखे म्हणजे मी आणि सुभेदार. सुभेदार दुष्काळी माणमधले, दहिवडीकडचे. फौजेतनं निवृत्त होऊन विश्रामबागेत एका कार्यालयाच्या गेटवर होते आणि त्यांच्याकडे एक जुनी व्हॅन होती. ताटात मासा नसेल तर सुभेदारांना सहलसुद्धा ड्युटी वाटायची. आमच्या माणात मासा फक्त राशीभविष्यात बघायला मिळतो, असं ते म्हणत. माझी आई दरवर्षी मेढ्याहून फोन करून ओरडायची, की पितर घरी यायची वेळ आणि तू चाललास समुद्रावर. मी सांगायचो, घाटात भेटले तर व्हॅनमध्ये घेतो.

मुक्कामाचे आण्णांचे नियम ठरलेले होते. पहिला, आधीपासून काही ठरवायचं नाही. मी मोबाइलवर बघून सांगायचो, आण्णा, ह्या ठिकाणाला साडेचार स्टार आहेत. "चांदण्या आभाळात बघाव्यात," ते म्हणायचे, "लोकांनी लिवलंय काय ते वाचा." मी वाचायचो. रूम क्लीन, स्टाफ फ्रेंडली, व्ह्यू एकदम मस्त. आण्णा डोळे मिटून सगळं ऐकून घ्यायचे आणि ते ठिकाण रद्द करायचे, कारण एकाही शहाण्यानं तिथलं प्यायचं पाणी कसं आहे ते लिहिलेलं नसायचं.

दुसरा नियम, समुद्र दिसणारी खोली घ्यायची नाही. खिडकीतनं समुद्र दिसतो म्हणून जास्तीचं भाडं घेतात, ते काय समुद्राला पोचतं व्हय, असा त्यांचा सवाल. मागची खोली घ्यायची, आवाज तेवढाच येतो. एकदा एका रिसॉर्टच्या मॅनेजरनं मोठ्या कौतुकानं आम्हाला त्यांचा पोहायचा तलाव दाखवला. निळ्या फरशा, निळं पाणी, कडेनं खुर्च्या. आणि कुंपणापलीकडे अख्खा अरबी समुद्र पसरलेला. आण्णा बराच वेळ एकदा तलावाकडं, एकदा समुद्राकडं बघत राहिले. मग त्यांनी समुद्राकडं बोट करून त्या मॅनेजरला अगदी काळजीनं विचारलं, "त्यात काय बिघाड झालाय का?"

तिसरा नियम, आधी संडास, मग समुद्र. कुठल्याही घरात शिरलं की आण्णा पहिल्यांदा मागच्या दारी जायचे. दोरीवर वाळत घातलेल्या चादरी चिमटीत धरून चोळायचे, पीठ चोळतात तशा. उशीचा वास घ्यायचे. कॉटवर उताणं पडून छपराकडं टक लावायचे. कौलांतनं उजेड आला म्हणजे पाऊसही येणार. हे सगळं घरमालकिणीच्या देखत. मी आणि सुभेदार लाजेनं माडाच्या शेंड्याकडं बघत उभे. पण ती बाई रागवायच्या बेतात आली की आण्णा पिशवीतनं बेदाण्याची पुडी आणि घरच्या हळदीची पुडी काढून तिच्या हातात ठेवायचे, आणि तिच्या सासरची-माहेरची चौकशी करायचे. मग भाडंही ती आपण होऊन नात्यातल्या माणसाला सांगावं तसं सांगायची.

जेवणाच्या बाबतीत तर ह्या माणसाचं डोकं जगावेगळं. स्वतः मासा खात नाहीत, कांदा-लसूणसुद्धा नाही, पण चांगला मासा कुठल्या घरी मिळेल हे ते बिनचूक काढायचे. गावात शिरलं की हॉटेलांच्या पाट्या सोडून व्हॅन सरळ तिथल्या गिरणीवर. गिरणीवाल्याशी पट्ट्याबद्दल, दगडाला टाकी लावण्याबद्दल दोन शब्द झाले की त्यांची जन्माची ओळख निघायची. मग आण्णा रांगेतल्या डब्यांकडं वळायचे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवून कोणी आणलाय, तेवढं बघायचं. जी बाई तांदळाचं एवढं करते ती मासा वाया घालवणार नाही, असं त्यांचं गणित.

त्याच गणितानं आम्हाला देवगडच्या अलीकडच्या एका गावात वहिनी सापडल्या. समुद्रापासनं हाकेच्या अंतरावर कौलारू घर, पाहुण्यांसाठी मागं दोन खोल्या, नवऱ्याची आंब्याची बाग. वहिनींच्या हातचं बांगड्याचं तिखलं खाल्लं आणि सुभेदारांनी जाहीर केलं की आता दुसरं गाव शोधायचं नाही. तेव्हापासनं आम्ही दरवर्षी तिथंच.

आम्ही रात्री जेवायला बसलो की आण्णा समोर येऊन नुसते बसायचे. त्यांचं झालेलं असायचं. आणि मग चौकशी सुरू, कसं लागतंय? चांगलं लागतंय, हे उत्तर त्यांना चालत नसे. कशासारखं लागतंय ते सांगा. आता जन्मात मासा न खाल्लेल्या माणसाला काय सांगणार? मग आम्ही भाज्यांवर यायचो. पापलेट म्हणजे कोवळा दोडका, पण श्रीमंताघरचा. बांगडा म्हणजे मेथी, आधी कडक वाटते, मग सोडवत नाही. आण्णा ऐकून समाधानानं मान डोलवायचे. एकदा कालवं कशी लागतात हे सांगताना सुभेदार असे अडकले की जेवण संपलं तरी सांगणं संपेना. शेवटी म्हणाले, एवढे शब्द फौजेनं शिकवले न्हाईत.

आण्णांचं झालेलं असायचं म्हणजे नेमकं काय, हे आम्ही कधी विचारलं नाही. सूर्य मावळल्यावर ते अन्नाला शिवत नाहीत, हे माहीत होतं. दुपारी आम्ही आग्रह केला तर म्हणायचे, प्रवासात मी एकदाच खातो. ऊन उतरायला लागलं की बगलेत एक डबा मारून एकटेच समुद्रावर जायचे आणि तोंड पुसत परत यायचे. धर्माचं काहीतरी असेल म्हणून आम्ही त्यात नाक खुपसलं नाही. तो डबा पहिल्यांदा लहान होता, मग बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढा झाला, मग तेलाच्या डब्याएवढा. मी मनाशी म्हटलं, पूजेचं सामान वाढलं असेल.

मग एका वर्षी कोकणातनं आल्यावर आण्णांना गिरणीत चक्कर आली. पट्टा चढवता चढवता ते मटकन पोत्यावर बसले. डॉक्टरांनी विचारलं, तीन-चार दिवस पोटात काय गेलंय? आण्णा काहीतरी पुटपुटले. आक्का शेजारीच उभ्या होत्या. ठेंगणी, मोजकं बोलणारी बाई. त्या तिथं काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या पुढच्या भाद्रपदात. मी गिरणीत उभा होतो आणि आण्णा व्हॅनच्या टायरबद्दल काही सांगत होते, तेव्हा आक्का मागच्या दारातनं आल्या.

"यंदा मीबी येणार," त्या म्हणाल्या. "भांडं घेणार न्हाई, पीठ घेणार न्हाई, तितं जाऊन चूल फुंकणार न्हाई. दिस मावळायच्या आत कुणीतरी वाढलेलं खाणार. एक येळ जरी उपाशी ऱ्हायले, तर परत समुद्राचं नाव काढायचं न्हाई."

आण्णा बरं म्हणाले. संध्याकाळी माझ्या खोलीकडं आले, पण आत न येता जिन्याच्या वरच्या पायरीवरच बसले. "गेला माझा समुद्र," म्हणाले. मला काही कळेना. मी म्हटलं, आवं आण्णा, अख्ख्या किनाऱ्यावर कुठं काय चांगलं शिजतं ते तुम्हाला पाठ आहे, सरळ वहिनींकडं नेऊ की आक्कांना. तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगितलं. वहिनींच्या घरी त्यांनी आजवर एक घास खाल्लेला नव्हता. वहिनींच्याच काय, कोकणातल्या कुठल्याच घरी. मासा शिजलेल्या भांड्यातलं त्यांना चालत नाही, आणि मासे खाणाऱ्या घरात दुसरं भांडं कुठलं असणार? त्या डब्यात भडंग असायचं. आक्कांनी केलेलं, बिनलसणाचं. सकाळी केळी आणि शहाळं, संध्याकाळी वाळूत बसून भडंग, की झालं जेवण.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, एकदा विचारायचं तरी होतं, वेगळ्या भांड्यात काही करून द्याल का म्हणून.

"कसं इचारू?" आण्णा म्हणाले. "ती माऊली आपल्याला घरच्यासारखं ठेवती. तिच्या तोंडावर म्हणू, तुझं भांडं मला चालत न्हाई?"

स्वतः काही करून खावं तर तेही नाही. जन्मभर गावाचं दळलं, पण भाकरी थापणं सोडाच, आण्णा चहा करायला उठले तरी आक्का गॅसपाशी धावायच्या. सुभेदारांना मी ही भानगड सांगितली तेव्हा ते गंभीर झाले. मग म्हणाले, म्हणजे आपलीबी पोस्टिंग रद्द. मला मात्र आण्णांच्या झोपेची काळजी वाटत होती. वर्षभर ज्या चार रात्रींची वाट बघायची, त्याही गेल्या तर हा माणूस काय करणार?

निघालो. आक्का पुढच्या सीटवर, मांडीवर भडंगाचा डबा. भांडं घेणार नाही म्हणाल्या होत्या, पण डबा तेवढा नेहमीसारखा भरून घेतला होता, आणि त्याबद्दल एक शब्द नाही. सोबत पाणी गाळायची दोन पांढरी फडकी. गगनबावड्याच्या घाटात एक ट्रक आडवा झाला होता, त्यात आमचा वेळ गेला. खाली उतरलो तेव्हा दुपार कलली होती. वाटेत एक शाकाहारी खानावळीची पाटी दिसली. आण्णा मोठ्या आशेनं आत गेले आणि कांद्याच्या फोडणीचा वास सदऱ्याला लावून बाहेर आले. शिवाय ताट मिळणार रात्रीच. आक्का खिडकीबाहेर बघत होत्या, जणू त्यांचा ह्यात काही संबंधच नाही.

गावात शिरल्यावर आण्णांनी व्हॅन गिरणीवर घ्यायला लावली. काय विचारणार होते कोण जाणे. पण लाईट गेलेली, गिरणी बंद, माणूस नाही. आण्णा त्या बंद दाराकडं बघत उभे राहिले. सकाळी सांगलीतनं जेवून निघाल्यापासनं दोघांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि आता सूर्य माडांच्या शेंड्यांवर आला होता. मला आण्णांचं फार वाईट वाटलं. सुभेदारांनी गाडी वहिनींच्या घराकडं वळवली.

वहिनी अंगणातच होत्या. आम्हाला बघून हरखल्या. आण्णांबरोबर त्यांची बायको आलीय म्हटल्यावर तर त्यांना काय करू नि काय नको असं झालं. घरातनं तिखल्याचा वास येत होता. सुभेदारांनी सवयीनं छाती भरून श्वास घेतला आणि मग आक्कांकडं बघून तो हळूच सोडला. आण्णा पिशवीत बेदाण्याची पुडी शोधत होते. आक्कांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, मला दिस मावळायच्या आत जेवाय लागतं," त्या म्हणाल्या. "मासा शिवलेलं भांडं चालत न्हाई. कांदा-लसूण, बटाटा न्हाई. तुमाला जमत असंल तर व्हय म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा. राग कुणीच मानायचा न्हाई."

आण्णांनी डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं जे वाक्य तोंडातनं निघालं नव्हतं, ते त्यांच्या बायकोनं घरात पाऊल टाकताच बोलून टाकलं होतं. वहिनी हसायलाच लागल्या.

"ह्यां तर आमच्या गणपतीचा जेवाण!"

मग उलगडा झाला. वहिनींच्या घरी गणपतीला जो नैवेद्य होतो, त्यात कांदा-लसूण नसतो, आणि त्याची भांडी निराळी. तवा निराळा, पळी निराळी, मागच्या पडवीत चूलही निराळी. गणपती बसले की ती भांडी खाली येतात, गणपती गेले की घासूनपुसून फडक्यात बांधून परत माळ्यावर. वर्षभर त्यांना कोणी हात लावत नाही. नुकतीच बांधून वर ठेवली होती. आणि हे काही वहिनींच्याच घरी नाही, आळीतल्या बहुतेक घरांत असंच. म्हणजे आण्णा समुद्रावर बसून भडंग चघळत होते, तेव्हा त्यांच्या जेवणाची भांडी ते झोपायचे त्याच घराच्या माळ्यावर होती. आणि आण्णा दरवर्षी त्या घराचं छप्पर उताणं पडून तपासत होते.

वहिनींचा नवरा शिडी लावून वर चढला. वहिनी चूल पेटवायला निघाल्या, आणि पडवीच्या दारात थांबून आण्णांकडं वळल्या. आता त्या हसत नव्हत्या.

"माका वाटला, आमच्या हातचा तुमका चालत नाय," त्या म्हणाल्या. "म्हणान मी कधी आग्रह केलंय नाय."

आण्णांचा चेहरा उतरला. "तुमाला वाईट वाटंल म्हणून इचारलं न्हाई, वहिनी."

"इचारलास नाय, त्याचाच वाईट वाटला."

आण्णा पुढं आले. त्यांनी हात जोडले. वहिनींनी ते हात धरून खाली केले, बेदाण्याची पुडी घेतली आणि म्हणाल्या, आता बोलण्यात येळ घालवू नका, दिस खाली इलो. तेवढ्यानं वहिनींचं मन मोकळं झालेलं दिसलं. आक्कांनी कळशीवर फडकं बांधायला घेतलं, तर वहिनींनी ते हातातनं काढून घेतलं आणि कसं बांधायचं ते विचारून स्वतः बांधलं.

वेळ फारसा नव्हताच. पण घावनांना वेळ लागतो कुठं? धुतलेल्या तांदळाचं पीठ घरात होतं. बिडाचा तवा तापला, एकीकडं नारळ खवला, गूळ घालून रस काढला, लाल भोपळ्याच्या फोडी ओल्या खोबऱ्यात शिजल्या. पडवीतनं समुद्र दिसत होता आणि सूर्य पाण्यापासनं अजून हातभर वर होता. आक्का आणि आण्णा पाटावर बसले. पहिलं घावन आक्कांच्या ताटात पडलं, जाळीदार, पांढरंशुभ्र, वाफ निघत असलेलं. ते संपलं तशा आक्का ताट घेऊन उठायलाच लागल्या, चुलीकडं जायला. वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"बसा. आज तुमी पावणे."

आक्का बसल्या. दुसरं घावन वाढलं गेलं, त्यावर रस ओतला गेला, तरी त्या नुसत्या ताटाकडं बघत होत्या. मग वहिनींना म्हणाल्या, "तव्यावरनं ताटात आलेलं मी लगीन झाल्यापास्नं खाल्लं न्हाई. माझी भाकरी कायम शेवटची, गार झालेली." हे त्यांनी कुरकुर म्हणून नाही सांगितलं, खुशीनं सांगितलं. पण आण्णांचा हात ताटातच थांबला. मला तर समोर उभं राहवेना. आक्कांच्याच हातच्या गरम भाकऱ्या मी वर्षानुवर्षं वर बसून खाल्ल्या होत्या.

सुभेदारांना असला अवघडलेपणा सोसत नाही. ते पडवीच्या खांबाला टेकून उभे होते, तिथनं त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, आण्णा, कसं लागतंय? आण्णा म्हणाले, चांगलं लागतंय. "चांगलं चालत न्हाई," सुभेदार म्हणाले. "कशासारखं ते सांगा."

आण्णांनी घावनाची कड चिमटीत धरून चोळली. खूप विचार केला.

"सुरमईसारखं," ते म्हणाले.

वहिनींच्या हातातनं पळी पडली. आक्का पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि आण्णांनी आपला पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला. दोघांनी पोटभर खाल्लं, चूळ भरली, तरी सूर्य वर होता.

मग आम्ही सगळे वाळूवर गेलो. पितृपक्षातला किनारा, माणूस नाही. ओढून ठेवलेल्या एका होडीला टेकून आण्णा बसले आणि बसल्या बसल्या त्यांचे डोळे मिटले. आक्कांनी भडंगाचा डबा उघडून माझ्या आणि सुभेदारांच्या पुढ्यात ठेवला. आमाला आता ह्याचं काय काम, तुमी खावा, म्हणाल्या. खाल्लं. बिनलसणाचं असून काय चव होती! पण रोज संध्याकाळी, तेवढ्यावरच, म्हणजे कठीणच.

"दरसाल डबा मोठा करत गेले," आक्का हळू आवाजात म्हणाल्या. "तरी पार रिकामा यायचा. घरी मूठभर भडंगात पुरं म्हणणारा माणूस. मला काय कळत नव्हतं व्हय?"

मी म्हटलं, मग आक्का, इतके दिवस बोलला का नाही?

"बोलले असते तर ह्येंनी यायचं सोडलं असतं," त्या म्हणाल्या. "हितनं आलं की आठ-पंधरा दिस घरीबी झोप लागायची त्यांना. मग भरत ऱ्हायले डबा. पण गेल्या साली पोत्यावर बसलेलं बघितलं, आन् ठरीवलं, आता काय ते एकदा आपणच जाऊन इचारायचं."

म्हणजे समुद्र बंद करायचा त्यांचा बेत कधी नव्हताच. तरी मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. मी विचारलं, मग आण्णांचा समुद्र?

"ऱ्हाऊ दे त्यांचा. इचारायचं काम हितनं पुढं माझं."

सूर्य पाण्याला टेकला आणि बघता बघता गेला. आण्णांनी तो पाहिला नाही. मान एका बाजूला पडलेली, तोंड जरा उघडं, घोरणं लाटांच्या आवाजात ऐकूसुद्धा येत नव्हतं. वाळू गार व्हायला लागली, तशी सुभेदारांनी त्यांना उठवायला हात पुढं केला. आक्कांनी तो मधेच अडवला आणि पाणी गाळायचं दुसरं, कोरडं फडकं आण्णांच्या कानांवरनं हलकेच गुंडाळलं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "गिरणी बंद हाय."